पेद्रोने रताळी खणली: सेबुआनो भाषेतील एका क्रियापदाची गोष्ट

मे २०१३ मध्ये गूगलच्या भाषांतर सेवेत एकाच वेळी पाच नव्या भाषा दाखल झाल्या. बोस्नियन, ह्मोंग, जावानीज, आपली मराठी आणि पाचवी फिलिपिन्समधील सेबुआनो. मराठी वाचकाने हे पाचवे नाव बहुधा तेव्हाच प्रथम वाचले असेल. पुढे त्याच नावाने आणखी एक कोडे घातले. विकिपीडियातील लेखांच्या संख्येनुसार भाषांची यादी पाहिली, तर इंग्रजीच्या खालोखाल जर्मन किंवा फ्रेंच दिसत नाही, तर साठ लाखांहून अधिक लेख असलेली सेबुआनो दिसते. या आकड्याचा उलगडा सोपा आहे. स्वेरकर योहान्सन या स्वीडिश संशोधकाने तयार केलेल्या संगणकीय यंत्रणेने प्राणी, वनस्पती, नद्या आणि डोंगर यांवरचे लाखो लेख ठरावीक साच्यातून काढले आहेत. त्यांच्या पत्नी फिलिपिन्सच्या आहेत.

खरे कोडे पुढेच आहे. दोन कोटींच्या आसपास लोकांची ही भाषा सेबू, बोहोल, सिकिहोर, नेग्रोस बेटाचा पूर्व भाग, लेयतेचा पश्चिम भाग आणि मिंदानाओचा मोठा प्रदेश एवढ्या भागात बोलली जाते, आणि तिचे बोलणारे तिला बहुतेकदा नुसते ‘बिसाया’ म्हणतात. एवढ्या मोठ्या भाषेत ‘खणणे’ यासाठी शब्द शोधला तर ‘कालोत’ मिळतो. पण प्रत्यक्ष मजकूर उघडला की मिकालोत, गिकालोत, कालोतोन, गिकालोतान, कालोता, नाकाकालोत अशी रूपे समोर येतात आणि नवख्या माणसाला ती शब्दकोशात सापडत नाहीत. ही रूपे म्हणजे पाठ करायची पसरट यादी नसून त्यांच्यामागे एक नेमका हिशेब आहे, आणि तो समजून घ्यायला इंग्रजी वाचकापेक्षा मराठी वाचक अधिक सोयीच्या जागी उभा आहे.

खणण्यात किती जणांचा सहभाग असतो

आधी भाषा बाजूला ठेवून नुसती क्रिया पाहू. कोणी तरी खणतो, कशाने तरी खणतो, कुठे तरी खणतो आणि त्या खणण्यातून काही तरी निष्पन्न होते. हे शेवटचे ‘काही तरी’ मात्र एकसारखे नसते. खड्डा खणला तर आधी नसलेला खड्डा तयार होतो; रताळी खणली तर आधीपासून मातीत असलेली वस्तू वर येते; जमीन खणली तर जमीन जिथल्या तिथे राहून फक्त भुसभुशीत होते. मराठीत या तिन्ही ठिकाणी ‘खणणे’ चालते आणि ऐकणाऱ्याचा घोटाळा होत नाही, कारण खड्डा, रताळी आणि जमीन यांचे स्वभाव आपल्याला ठाऊक असतात.

सेबुआनोतील ‘कालोत’ या धातूलाही हे सगळे अर्थ पेलतात. बांगाग म्हणजे खड्डा, आताबाय म्हणजे विहीर, कामोते म्हणजे रताळे. यांतले काहीही ‘कालोत’ करता येते. खाज सुटली की खाजवणे यालाही कालोतच म्हणतात. मातीत बोटे घालणे आणि अंगावर नखे ओढणे या हालचाली एका कुळातल्या आहेत हे उघड आहे, आणि आपल्याकडे कोंबडी उकिरडा उकरते तेव्हा तिच्या पायांचे जे चालते ते या दोहोंच्या मधले म्हणावे लागेल. संदर्भावरून अर्थ कळतो. रोजच्या लेखनात शब्दाच्या कोणत्या भागावर जोर द्यायचा हे दाखवण्याची पद्धत नसल्यामुळे नुसता सुटा शब्द पाहून काही ठरवू नये.

मानाचा फेटा कोणाच्या डोक्यावर

आता रूपांकडे वळू. लग्नाच्या मांडवात पाहुणे शंभर असतात, पण मानाचा फेटा एखाद्यालाच बांधला जातो, आणि तो मामा म्हणून बांधला की जावई म्हणून, हेही सर्वांना ठाऊक असते. सेबुआनो वाक्यात असा फेटा म्हणजे नामाआधी येणारा ‘आंग’ हा छोटा शब्द होय. व्यक्तीचे नाव असेल तर त्याच्या जागी ‘सी’ येतो. वाक्यातल्या एकाच पात्राला तो मिळतो, आणि ते पात्र कोणत्या नात्याने मानकरी झाले आहे हे क्रियापद आपल्या रूपातून सांगते. भाषाशास्त्रात या व्यवस्थेला ‘फोकस’ म्हणतात; हा शब्द इथे एकदा सांगून मी बाजूला ठेवतो.

पेद्रो नावाचा एक शेतकरी घेऊ. ‘मिकालोत सी पेद्रो ओग कामोते सा उमा’ म्हणजे पेद्रोने शेतात रताळी खणली. उमा म्हणजे शेत, ‘सा’ म्हणजे आपला सप्तमीचा प्रत्यय समजावा, आणि ‘ओग’ अनिश्चित कर्माआधी येतो, त्यामुळे इथे रताळी म्हणजे ‘काही रताळी’, कोणती ते सांगितलेले नाही. मान पेद्रोला आहे, म्हणून क्रियापदाला कर्त्याचा उपसर्ग ‘मि’ लागला. आता बोलणे ठरावीक रताळ्यांबद्दल असेल, उदाहरणार्थ काल ज्या वेलाची चर्चा झाली त्याच वेलाखालची, तर वाक्य फिरते: ‘गिकालोत नी पेद्रो आंग कामोते’. रताळी मानकरी झाली, क्रियापदाला ‘गि’ लागला आणि पेद्रोच्या आधीचा ‘सी’ जाऊन ‘नी’ आला.

हा ‘नी’ पाहून मराठी माणूस क्षणभर थबकतोच, कारण ‘आईनी केलं’ मधला आपला ‘नी’ नेमके हेच काम करतो. दोन्ही भाषांचा वंश पूर्णपणे वेगळा असल्यामुळे हा निव्वळ योगायोग आहे, त्यावर कोणी सिद्धान्त उभारू नये. पण लक्षात ठेवायला मदत होत असेल तर जरूर घ्यावी.

तिसरा मानकरी जागा. ‘गिकालोतान नी पेद्रो ओग कामोते आंग उमा’ या वाक्यात विषय शेताचा आहे: या शेतात पेद्रोने रताळी खणली. पुढे ‘गि’ आणि मागे ‘आन’ अशी दोन्हीकडून पकड बसली की मान स्थळाला गेला असे समजावे. चौथा मानकरी अवजार. ‘इकालोत नी पेद्रो आंग पाला’ म्हणजे पेद्रो फावड्याने खणेल, म्हणजेच फावडे खणण्याच्या कामी लावेल.

स्थळाच्या रूपात एक गंमत दडलेली आहे. आज्ञा करताना ‘आन’चे ‘ई’ होते, म्हणून ‘कालोती आंग उमा’ म्हणजे ‘शेतात खण’. पण ‘कालोती को ओग कामोते’ असे कोणी म्हणाला तर? ‘को’ म्हणजे मी, आणि इथे मानकरी मीच आहे. स्थळाचा नियम आंधळेपणाने लावला तर ‘माझ्यात रताळी खण’ असा भयंकर अर्थ निघेल. खरा अर्थ साधा आहे, ‘माझ्यासाठी थोडी रताळी खणून दे’. ज्याच्यासाठी काम होते त्या माणसालाही सेबुआनो स्थळाच्याच रांगेत बसवते, कारण क्रियेचे फळ शेवटी त्याच्यापाशी जाऊन पोचते. मराठीत हे काम ‘खणून दे’ मधले ‘दे’ करते.

मग हा आपला कर्मणी प्रयोगच नव्हे काय

शाळेत प्रयोग शिकलेला वाचक इथे हटकून म्हणेल की ‘पेद्रो रताळी खणतो’ हा कर्तरी आणि ‘पेद्रोने रताळी खणली’ हा कर्मणी, मग यात नवे काय? हरकत निम्मी बरोबर आहे. क्रियापदाचे लक्ष कर्त्यावरून कर्मावर सरकू शकते ही गोष्ट इंग्रजीतून विचार करणाऱ्याला मोठ्या कष्टाने समजावावी लागते. विहीर खणली, खड्डा खणला, तळे खणले असे कर्माच्या लिंगाप्रमाणे क्रियापद बदलणाऱ्या माणसाला ती आपसूक कळते.

उरलेली निम्मी हरकत मात्र टिकत नाही. मराठीत कर्मणी प्रयोग काळाने लादलेला असतो. भूतकाळात ‘पेद्रो रताळी खणला’ असे म्हणण्याची मुभाच नाही, आणि साध्या वर्तमानकाळात ‘पेद्रोने रताळी खणते’ असेही म्हणता येत नाही. सेबुआनोत हीच निवड बोलणाऱ्याच्या हाती असते, आणि ती प्रामुख्याने कोणती वस्तू ओळखीची आहे यावर ठरते. कर्म निश्चित, आधी उल्लेखलेले असेल तर ते बहुतेक वेळा मानकरी होते, मग क्रिया झालेली असो की व्हायची असो: झाली असेल तर गिकालोत, व्हायची असेल तर कालोतोन. शिवाय जागेला किंवा फावड्याला क्रियापदाचा मान देण्याची सोय मराठीत मुळीच नाही.

‘रताळी खणली गेली’ या वळणाशी तर याची तुलना करूच नये. ते वळण आपल्याकडे सरकारी अहवालात शोभते, आणि कर्त्याचे नाव लपवणे हाच पुष्कळदा त्याचा उपयोग असतो. ‘गिकालोत’ हे बाजारात, स्वयंपाकघरात, भांडणात वापरले जाणारे रोजचे रूप आहे आणि खणणारा त्यात निःसंकोच हजर असतो. याला कर्मणी म्हणावे की आणखी काही, यावर अभ्यासकांत अजून मतभेद आहेत. माझ्या मते ‘गि’ला कर्मणीचे लेबल लावून मोकळे होणे हा आळस आहे.

गिकालोतचे दोन अर्थ

व्यवस्था एवढी काटेकोर असूनही तिच्यात एक फट आहे. अवजाराचे ‘इकालोत’ हे रूप व्हायच्या क्रियेचे आहे. तीच क्रिया होऊन गेली असेल तर ‘इ’ जाऊन ‘गि’ येतो, आणि कर्म मानकरी असतानाही ‘गि’च येतो. म्हणून ‘गिकालोत नीया आंग पाला’ या वाक्याचे दोन अर्थ होतात: ‘त्याने फावड्याने खणले’ आणि ‘त्याने पुरलेले फावडे खणून काढले’. रताळ्याने कोणी खणत नाही, त्यामुळे रताळ्याच्या वाक्यात गोंधळ होत नाही. तो अवजाराच्याच वाक्यात होतो. रोजच्या बोलण्यात लोक ‘गामित आंग पाला’, म्हणजे ‘फावडे वापरून’, असा जोड देऊन ही अडचण सहज टाळतात.

काळापेक्षा ‘घडले की नाही’ महत्त्वाचे

सेबुआनो क्रियापद काळ सांगते असे आतापर्यंत वाटले असेल. नीट पाहिले तर ते क्रिया घडली आहे की नाही एवढेच सांगते. मिकालोत म्हणजे खणले, मोकालोत म्हणजे खणणार. नाग्कालोत म्हणजे खणत आहे किंवा खणत होता. दोन्हींत क्रिया प्रत्यक्षात सुरू झालेली आहे आणि घड्याळात किती वाजले होते ते संदर्भाने ठरवायचे. माग्कालोत म्हणजे खणत राहील, अजून सुरुवात नाही.

या तत्त्वाचा खरा कस नकारात लागतो. ‘त्याने रताळी खणली नाहीत’ हे सांगताना मराठी माणूस ‘खणली’ हे भूतकाळाचेच रूप घेऊन पुढे ‘नाहीत’ जोडतो. सेबुआनोला हे पटत नाही, कारण जे घडलेच नाही त्याला घडल्याचा ‘गि’ कसा लावणार? म्हणून वाक्य होते ‘वाला नीया कालोता आंग कामोते’. ‘वाला’ हा घडून न गेलेल्या गोष्टीचा नकार, आणि त्याच्यानंतर येणारे ‘कालोता’ हे खरे तर आज्ञेचे रूप. हेच ‘कालोता’ एकटे आले तर ‘खणून काढ’, ‘आयाव’नंतर आले तर ‘खणू नकोस’, आणि ‘वाला’नंतर आले तर ‘खणले नाही’. पुढच्या काळातला नकार वेगळा: ‘दिली नीया कालोतोन’, तो ती खणणार नाही. आपले ‘खणू’ हे रूप ‘खणू या’, ‘खणू दे’ आणि ‘खणू नकोस’ अशा तिन्ही ठिकाणी काळाच्या बंधनाशिवाय वावरते, तसाच ‘कालोता’चा स्वभाव समजावा. शब्दकोशातून एकच रूप उचलून त्याचा एकच अर्थ लिहिणारा माणूस इथे हमखास फसतो.

मुद्दाम खणले की खणताना सापडले

याखेरीज एक वेगळी रांग आहे. कर्त्याच्या रूपात ‘नाका’ आणि कर्माच्या रूपात ‘ना’ लागला की क्रिया हेतूने केली असे उरत नाही; ती जमली, किंवा आपोआप घडली, असा अर्थ होतो. पायासाठी खोदकाम करणाऱ्या मजुराच्या पहारीला दुसऱ्या महायुद्धातला न फुटलेला बॉम्ब लागणे ही फिलिपिन्समध्ये अधूनमधून घडणारी घटना आहे. तो मजूर ‘नाकाकालोत ओग बोम्बा’. बॉम्ब शोधायला तो गेला नव्हता. पण दिवसभर कातळाशी झुंजून अखेर खड्डा पूर्ण करणाऱ्यालाही ‘नाकाकालोत’च म्हणतात, म्हणजे त्याला खणता आले. योगायोग आणि यश ही मराठीला दोन टोके वाटतात, सेबुआनोने ती एका रूपात ठेवली आहेत. दोन्हींत निकाल माणसाच्या पूर्ण ताब्यात नव्हता, एवढा दुवा पुरेसा मानलेला दिसतो.

स्वतः न खणता दुसऱ्याकडून खणवून घ्यायचे असेल तर ‘पा’ जोडतात: ‘नाग्पाकालोत सीया ओग आताबाय’, त्याने विहीर खणून घेतली. खणण्याची क्रिया म्हणजे पाग्कालोत, आणि ज्याचे कामच खणण्याचे तो तिग्कालोत.

खणण्याचे भाऊबंद

कालोत हा एकटा शब्द नाही. जमिनीखालचे काही वर काढण्यासाठी ‘काली’ हा दुसरा शब्द आहे, आणि त्याची वंशावळ थक्क करणारी आहे. सेबुआनो ज्या ऑस्ट्रोनेशियन कुळातली आहे त्याच्या शाखा आफ्रिकेजवळच्या मादागास्करपासून प्रशांत महासागरातल्या हवाईपर्यंत पसरल्या आहेत. मलायमध्ये खणणे म्हणजे ‘गाली’, फिजी आणि टोंगाच्या भाषांत ‘केली’, न्यूझीलंडच्या माओरीत ‘केरी’, हवाईयनमध्ये आरंभीचा ‘क’ घशात अडकून ‘एली’, आणि मालागासीत ‘मिहादी’. मालागासीचा ‘द’ परका वाटेल, पण त्या भाषेत ‘इ’च्या आधीचा ‘ल’ नियमाने ‘द’ होतो. पाच या अर्थाचा सेबुआनो ‘लिमा’ तिथे ‘दिमी’ होतो, तसाच हा. होडीतून नवनव्या बेटांवर उतरलेल्या, कंद लावणाऱ्या आणि खणणाऱ्या लोकांनी हा शब्द बरोबर नेला, असे मानायला पुरेसा आधार आहे.

‘उकाय’ म्हणजे ढवळणे, उपसणे, ढिगात हात घालून शोधणे. त्याची द्विरुक्ती ‘उकाय-उकाय’, आपल्या उकराउकरीसारखी, आज फिलिपिन्सभर जुन्या आयात कपड्यांच्या दुकानांचे नाव झाली आहे. व्यापारासाठी वापरलेले कपडे आयात करण्यावर तिथे १९६६ च्या प्रजासत्ताक कायदा क्रमांक ४६५३ ने बंदी आहे. दुकाने मात्र गल्लोगल्ली आहेत. आणि भांडणात मागचे विषय बाहेर काढण्यासाठी ‘उंगकात’ हा स्वतंत्र शब्द आहे. मराठीत तिथेही ‘उकरून काढणे’च उपयोगी पडते.

इंग्रजीपुढे हे सगळे टिकेल का

फिलिपिन्समध्ये शाळा, कचेऱ्या आणि न्यायालये यांत इंग्रजीचा वावर मोठा आहे, तेव्हा ही किचकट रूपे लवकरच मागे पडतील अशी शंका साहजिक आहे. उलट पुरावा रोजच्या बोलण्यात आहे. आपल्या उदाहरणातला कामोते हा शब्द मूळचा मेक्सिकोचा, स्पॅनिश लोकांबरोबर तो कंद आणि त्याचे नाव दोन्ही फिलिपिन्समध्ये पोचली. पाला म्हणजे फावडे आणि पीको म्हणजे कुदळ हेही स्पॅनिश शब्द. वस्तू परक्या आल्या आणि क्रियापदाची यंत्रणा जागची हलली नाही. आज तीच यंत्रणा इंग्रजी शब्द पचवते. मोबाइलवर संदेश पाठवला की ‘गि-टेक्स्ट’, गाडी चालवणार असेल तर ‘मो-ड्राइव्ह’. आपण ‘टेक्स्ट केला’ म्हणताना ‘करणे’ची मदत घेतो, सेबुआनोला तिचीही गरज पडत नाही.

शब्दकोशात शोधायचे कसे

व्यवहारात उपयोगी पडेल अशी एक रीत सांगतो. अनोळखी रूप दिसले की आधी पुढचे मि, नि, मो, नाग, माग, गि, इ, नाका, माका, ना, मा, पा यांपैकी काय सुटते ते पाहावे, मग मागचे ओन, आन, आ, ई काढावेत. जे ‘का-लोत’सारखे दोन उच्चारतुकड्यांचे उरेल तो बहुधा धातू असतो. कधी उच्चारात मधला स्वर गळतो. लुबोंग म्हणजे पुरणे, आणि त्यापासून कबर या अर्थी झालेला शब्द ‘लुबोंगानान’ नसून ‘लुब्ङानान’ आहे. लेखनातही ओ आणि उ यांची अदलाबदल चालते, कारण मूळ भाषेत अ, इ, उ असे तीनच स्वर होते; त्यामुळे कालोत कोणाकडे ‘कालुत’ असा लिहिलेला आढळेल. जॉन वुल्फ यांच्या १९७२ च्या सेबुआनो शब्दकोशात उकाराचेच लेखन आहे, आणि त्यात क्रियापदापुढे कंसात काही अक्षरे दिलेली असतात. तो धातू वरच्यापैकी कोणकोणती रूपे घेतो याची ती खूण असते, आणि ती वाचता आल्याशिवाय तो कोश निम्माच उघडतो.

लाखो लेखांच्या विकिपीडियाचा इथे किती उपयोग होतो, हा प्रश्न शेवटी उरतो. साच्यातून निघालेला लेख अमुक डोंगर अमुक देशात आहे, त्याची उंची इतकी आहे, असे सांगतो. त्यात कोणी कोणाला रताळी खणून द्यायला सांगत नाही, खणू नकोस म्हणून ओरडत नाही, खणताना अचानक बॉम्ब सापडल्याचे घाबरत सांगत नाही. अशा मजकुराचे कितीही ढीग वाचून संगणकाला ‘कालोती को’ मधला ‘को’ रताळी घेणारा आहे की खणला जाणारा, हे शिकता येणार नाही. त्यासाठी सेबू-दावावच्या बातम्या, घरांतले संवाद आणि बाजारातली घासाघीस असा माणसांनी माणसांसाठी बोललेला आणि लिहिलेला मजकूरच गोळा करावा लागतो.